लॅटिनची बाराखडी आणि आपले हरवलेले ग्रंथ



शिष्यवृत्तीचा अर्ज करताना शाळेच्या कचेरीतून 'बोनाफाईड' दाखला आणावा लागतो, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. 'बोना फाईड' म्हणजे 'सद्‌भावनेने, खरेपणाने'. शब्द लॅटिन आहे. तहसील कचेरीत आपण 'अॅफिडेव्हिट' करतो. त्याचा अर्थ 'त्याने शपथेवर सांगितले आहे'. संस्थेच्या सभेपूर्वी 'अजेंडा' निघतो आणि सभेला 'कोरम' आहे की नाही हे पाहिले जाते. हेही दोन्ही शब्द लॅटिन. घड्याळातले ए.एम. आणि पी.एम. लॅटिनच. डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर बी.डी. लिहितात, म्हणजे औषध दिवसातून दोनदा घ्यायचे, टी.डी.एस. लिहिले तर तीनदा. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये बोलली जाणारी ही भाषा अशी आपल्या घरात, दप्तरात आणि औषधाच्या पुडीत येऊन बसली आहे. आपण मात्र तिची कधी विचारपूस केलेली नाही.

आज ती करण्याचे कारण असे की, लहान मुलांना लॅटिनची प्राथमिक ओळख करून देणारे ऑनलाईन अभ्यासक्रम आता घरबसल्या उपलब्ध आहेत. आठ-दहा वर्षांची मुले पडद्यासमोर बसून ही भाषा शिकतात. आपल्या एखाद्या मुलाने वा मुलीने असा हट्ट धरला, तर घरातून दोन प्रश्न हमखास येतील. पहिला, "याचा उपयोग काय? नोकरी कोणती मिळणार?" दुसरा थोडा दबक्या आवाजात, "ही तर पाद्र्यांची भाषा. आपल्या मुलांना कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे इतिहासात आहेत. त्या इतिहासाचा एक भाग तर आपल्याच पूर्वजांचा आहे. तो आपण भाषणांतून अभिमानाने सांगतो, पण तो ज्या भाषेत जपला गेला ती भाषा आपल्याला वाचता येत नाही. या लेखाचा विषय एवढाच आहे.

नवशिक्यांची भाषा

इटलीतील लॅटियम या छोट्याशा प्रदेशाची बोली ती लॅटिन. रोमचे राज्य वाढले, तशी ती स्पेनपासून सीरियापर्यंतच्या सरकारी दप्तरांत आणि छावण्यांत पोहोचली. पुढे साम्राज्य मोडले. लोकांच्या तोंडची लॅटिन बदलत बदलत तिच्यापासून इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रुमानियन या भाषा जन्मल्या. ग्रंथांतली लॅटिन मात्र तशीच राहिली. न्यूटनने आपला 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध केला, तोही लॅटिनमध्येच.

याचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. हजार-बाराशे वर्षे ही भाषा कोणाचीच मातृभाषा नव्हती. त्यामुळे युरोपातील राजपुत्र असो की चांभाराचा मुलगा, ज्याला विद्या हवी त्याला लॅटिन पहिल्या अक्षरापासून शिकावी लागे. ती आईच्या मांडीवर शिकून कोणी येत नसे. म्हणून लॅटिनचा इतिहास हा बऱ्याच अंशी नवशिक्यांच्या पुस्तकांचा इतिहास आहे.

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक आणि लॅटिन शेजारी-शेजारी मांडलेली शालेय पुस्तके तयार झाली. त्यांत मुलाचा दिनक्रम असे. तो सकाळी उठतो, तोंड धुतो, कपडे घालतो, शाळेत जातो, गुरुजींना नमस्कार करतो. चौथ्या शतकात रोममध्ये दोनातुस नावाच्या शिक्षकाने प्रश्नोत्तररूपाने एक छोटे व्याकरण लिहिले. ते इतके रूढ झाले की पुढे हजार वर्षे प्राथमिक व्याकरणालाच त्याच्या नावाने ओळखू लागले. इ.स. १००० च्या सुमारास इंग्लंडमधील एल्फ्रिक या मठवासी शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी संवाद रचले. एक मुलगा नांगऱ्या होई, दुसरा शिकारी, तिसरा कोळी, चौथा व्यापारी आणि सर्वांनी आपापला धंदा लॅटिनमध्ये सांगायचा. पाठांतराच्या जोडीला नाट्य आले, तेव्हापासून मुलांना भाषा गोड लागू लागली.

यापुढचे मोठे नाव कोमेनियस याचे. मोराव्हिया प्रांतात १५९२ साली जन्मलेल्या या शिक्षकाचे आयुष्य युद्ध, साथ आणि निर्वासितपण यांत गेले. १६५६ साली लेश्नो या गावी लागलेल्या आगीत त्याची हस्तलिखिते जळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५८ मध्ये, न्यूरेंबर्ग येथे त्याचे 'ओर्बिस पिक्तुस' म्हणजे 'चित्रमय जग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रत्येक पाठावर एक चित्र, चित्रातील वस्तूंना क्रमांक आणि खाली त्याच क्रमांकांनी लॅटिन व जर्मन शब्द. अक्षरओळखसुद्धा प्राणी-पक्ष्यांच्या आवाजांवरून; 'आ' साठी कावळ्याची काव-काव. आज आपल्या बालवाडीच्या भिंतीवर जे तक्ते टांगलेले असतात, त्यांचे मूळ या पुस्तकापर्यंत जाऊन पोहोचते.

विसाव्या शतकात शाळांतून लॅटिन मागे पडत चालली, तेव्हा शिक्षकांनी पुन्हा गोष्टीचा आधार घेतला. १९७० साली निघालेल्या केंब्रिजच्या पाठ्यक्रमात पाँपेई शहरातील एका कुटुंबाची कथा आहे. १९९९ साली बार्बरा बेल या शिक्षिकेने लहान मुलांसाठी 'मिनिमुस' नावाच्या उंदराची गोष्ट लिहिली. ती उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा या रोमन ठाण्यातील खऱ्या कुटुंबावर आधारलेली आहे. या ठाण्याच्या जागी १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडू लागली. त्यांत इ.स. १०० च्या सुमारास एका अधिकाऱ्याच्या पत्नीने, क्लॉडिया सेव्हेरा हिने, आपल्या मैत्रिणीला वाढदिवसाचे बोलावणे पाठवले आहे. मजकूर लेखनिकाचा आहे. पण शेवटच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत. स्त्रीच्या हस्ताक्षरातील लॅटिनचा हा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक होय. मुलींनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. तिथल्याच दुसऱ्या एका पट्टीवर कोणा विद्यार्थ्याने पाठाची एक ओळ उतरवली आहे आणि तिच्या पुढे दुसऱ्या हाताने काही अक्षरे लिहिली आहेत. तो गुरुजींचा 'गबाळे काम' असा शेरा असावा, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. एकोणीसशे वर्षांत वह्यांवरचे शेरे फारसे बदललेले दिसत नाहीत!

ऑनलाईन वर्ग हा याच परंपरेतला आजचा टप्पा. चित्र कोमेनियसचे, संवाद एल्फ्रिकचा, प्रश्नोत्तरे दोनातुसची. नवा आहे तो फक्त पडदा आणि त्यातून येणारा उच्चार. तेव्हा 'मोबाईलवर कुठे भाषा येते काय?' असे म्हणून ही गोष्ट उडवून लावू नये.

परभाषा आणि आपली परंपरा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. लॅटिन ही पाद्र्यांची भाषा काय? पाद्री निर्माण होण्याच्या कितीतरी आधी ती होती. अरबी भाषेतही ख्रिस्ती आणि ज्यू विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. म्हणून अरबी त्यांच्या धर्माची झाली नाही. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना पैगंबर साहेबांनी (स.अ.स.) परकी लिपी आणि भाषा शिकण्यास सांगितले व त्यांनी ती अल्पावधीत आत्मसात केली, अशी नोंद हदीस-ग्रंथांत आहे. पत्रव्यवहार दुसऱ्याच्या भरवशावर राहू नये, हा त्यामागचा हेतू होता. परभाषा शिकण्याचा हा दाखला आपल्या घरातलाच आहे.

पुढे बगदादला हेच मोठ्या प्रमाणावर घडले. खलिफा मन्सूरच्या दरबारात आठव्या शतकात भारतातून ज्योतिर्गणित पोहोचले आणि संस्कृतातून अरबीत उतरले. खलिफा मामूनच्या काळात (इ.स. ८१३ ते ८३३) ग्रीक ग्रंथांच्या भाषांतराला राजाश्रय मिळाला. वैद्यकाचा सर्वांत नामांकित भाषांतरकार हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती होता. त्याचा धर्म कोणाच्या आड आला नाही. अकराव्या शतकात अल्‌-बिरूनी याने भारताविषयी लिहिण्यासाठी संस्कृतचा अभ्यास केला. ही भाषा किती अवघड आहे, याची तक्रारही त्याने मोकळेपणाने लिहून ठेवली. तक्रार केली, पण भाषा सोडली नाही.

मग चाक फिरले. १०८५ साली स्पेनमधील तोलेदो हे शहर मुस्लिम सत्तेकडून ख्रिस्ती राजाकडे गेले. शहर गेले तरी ग्रंथ तिथेच राहिले आणि अरबी जाणणारे मुस्लिम, ज्यू व ख्रिस्ती नागरिकही राहिले. युरोपातील जिज्ञासू तिकडे धावले. इटलीतील क्रेमोनाचा जेरार्ड हा बतलीमूसच्या 'अल्‌-मजिस्ती' या खगोलग्रंथाच्या ओढीने तोलेदोला आला. तो ग्रंथ लॅटिनमध्ये नव्हता, अरबीत होता. एवढ्या मोठ्या माणसाने नवशिक्या होऊन अरबी शिकायला घेतली. १११४ च्या सुमारास जन्मलेला जेरार्ड ११८७ साली वारला. तेव्हा त्याच्या शिष्यांनी केलेल्या यादीत सत्तराहून अधिक भाषांतरे होती. इब्न सीनाचा वैद्यकावरील 'कानून' त्यांतलाच.

भाषांतराची एक रीत तर फार बोलकी आहे. इब्न सीनाच्या आत्म्याविषयीच्या ग्रंथासाठी इब्न दाऊद हा ज्यू विद्वान अरबी वाक्य वाचून त्याचा अर्थ बोलीभाषेत शब्दशः सांगे आणि गुंदिसाल्वी हा ख्रिस्ती धर्मोपदेशक तो ऐकून लॅटिनमध्ये लिही. ग्रंथ मुसलमानाचा, तोंड ज्यूचे, लेखणी ख्रिस्त्याची! तलवारीच्या त्या शतकांत एका मेजाभोवती हेही चालू होते. इतिहास शिकवताना आपण लढायांच्या सनावळ्या घोकून घेतो. ही मेजेही मुलांना दाखवली पाहिजेत.

पिसा शहरातील एक मुलगा याच सुमारास आपल्या वडिलांबरोबर उत्तर आफ्रिकेतील बुजाया या बंदरात आला. आज ते अल्जीरिया देशात आहे. वडील तिथे जकातीच्या कामावर होते. मुलाला तिथे नऊ भारतीय अंकांनी हिशेब करायला शिकवण्यात आले. तो मुलगा म्हणजे फिबोनाची. १२०२ साली त्याने 'लिबेर अबाची' हा लॅटिन ग्रंथ लिहून युरोपातील व्यापाऱ्यांपुढे ते अंक मांडले. अरबी 'सिफ्र' चे त्याने लॅटिनमध्ये 'झेफिरुम' केले. त्यातूनच पुढे 'झीरो' आला. बंदरातील एका मुलाच्या शिकवणीने युरोपच्या खतावण्या बदलल्या.

मूळ गेले, भाषांतर राहिले

वाचकहो, आता मुख्य मुद्दा. मुहम्मद इब्न मूसा अल्‌-ख्वारिज्मी याने नवव्या शतकात बगदादमध्ये भारतीय अंकगणितावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचे लॅटिन रूप 'अल्गोरिज्मी'. त्यावरून अंकगणिताला 'अल्गोरिज्मुस' म्हणू लागले आणि संगणकवाले ज्याचा रोज उच्चार करतात तो 'अल्गोरिदम' शब्द आला. हे आपण अभिमानाने सांगतो. पण या पुस्तकाची मूळ अरबी प्रत आज जगात उपलब्ध नाही. ते आपल्यापर्यंत पोहोचले ते केवळ लॅटिन रूपात. तेराव्या शतकातील एक हस्तलिखित केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि त्याचा आरंभ 'अल्गोरिज्मी म्हणाला' अशा अर्थाच्या शब्दांनी होतो. भारताचे अंक, मुसलमान गणिती, लॅटिन हस्तलिखित. या तिघांतला शेवटचा दुवा निखळला असता, तर पहिले दोन या पुस्तकापुरते मुके झाले असते.

हे एकच उदाहरण नव्हे. कॉर्डोबाचा काझी आणि तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६ ते ११९८) याने ॲरिस्टॉटलच्या आत्म्याविषयीच्या ग्रंथावर मोठे भाष्य लिहिले. त्याची अरबी प्रत तुकड्यांपुरतीच उरली. संपूर्ण भाष्य आज लॅटिनमध्येच वाचावे लागते. इब्न सीनाच्या 'कानून'चे अरबी मूळ सुदैवाने टिकले. तथापि छापखान्याचा इतिहास पाहा. त्याची लॅटिन आवृत्ती मिलान येथे १४७३ साली छापली गेली आणि अरबी आवृत्ती १५९३ साली, तीही रोममध्ये. मध्ये १२० वर्षे गेली. युरोपातील वैद्यकाचे विद्यार्थी सतराव्या शतकापर्यंत हा ग्रंथ लॅटिनमधून शिकत होते.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपले त्रिकोणमितीचे पुस्तक उघडावे. 'साइन' हा शब्द कुठून आला? आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये आपल्या ग्रंथात अर्धज्या वापरली. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. तिलाच 'जीवा' असेही म्हणत. अरबांनी तो शब्द तसाच उचलून 'जीबा' केला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे पुढे तीच अक्षरे 'जैब' अशी वाचली गेली आणि 'जैब' म्हणजे वस्त्राची घडी, गळ्यापाशी असलेली जागा. उर्दूतला आपला 'जेब' म्हणजे खिसा, तोच हा. बाराव्या शतकातील भाषांतरकारांनी त्याचे लॅटिनमध्ये इमानाने भाषांतर केले, 'सिनुस', म्हणजे वस्त्राची घडी. धनुष्याच्या दोरीचा असा खिसा झाला! शब्दाचा अर्थ चुकला, पण त्यामागचे गणित कुठेही चुकले नाही. संस्कृत, अरबी आणि लॅटिन या तिन्हींची तोंडओळख असणाऱ्यालाच या प्रवासातली गंमत कळते.

आपल्या किनाऱ्यावर

हा सारा व्यवहार दूरदेशीचा वाटत असेल, तर आपल्या अंगणात पाहा. चिंचेचे शास्त्रीय नाव 'तामारिंदुस इंडिका'. अरबी व्यापारी चिंचेला 'तम्र हिंदी' म्हणजे 'हिंदुस्थानी खजूर' म्हणत. त्याचेच हे लॅटिन रूप. लिनियसने १७५३ साली पुढे 'इंडिका' जोडले, म्हणजे एकाच नावात हिंदुस्थान दोनदा आला. कडुनिंबाचे नाव 'आझादिराक्टा इंडिका'. त्यात फारसीतले 'आझाद दरख्त' लपलेले आहे.

गोव्यात गार्सिया द ओर्टा हा पोर्तुगीज वैद्य राहत होता. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. भारतातील औषधी द्रव्यांवरचे त्याचे पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. त्यात तो इब्न सीना आणि इतर अरबी वैद्यांची मते पदोपदी तपासून पाहतो. हे पुस्तक पोर्तुगीजमध्ये होते. १५६७ साली अँटवर्प येथे त्याचे संक्षिप्त लॅटिन भाषांतर निघाले, तेव्हा ते साऱ्या युरोपात वाचले गेले. पुढे कोचीनचा डच अधिकारी व्हान र्‍हीडे याने 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापवला. त्यातील चित्रांवर वनस्पतींची नावे लॅटिनबरोबरच मल्याळी, अरबी आणि नागरी लिपीतही आहेत. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता. रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट या तिघा कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र तर नागरी लिपीतच छापले आहे. आपल्या मातीतले हे ज्ञान तीनशे वर्षे लॅटिनच्या कुलपात होते. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी कित्येक दशके खपून त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर केले व ते २००३ साली प्रसिद्ध झाले. कुलूप काढणारा असा एखादाच निघतो.

अभिमान पुरेसा नाही

आपल्या समाजात दरवर्षी कितीतरी समारंभ होतात. त्यांत वक्ते सांगतात की, युरोपला विद्या आम्ही दिली. टाळ्या पडतात. मुले घरी जातात. पण त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतून अल्‌-ख्वारिज्मीचे एक पान मुळातून वाचणारा एकही निघाला नाही, तर त्या अभिमानाची किंमत काय? जेरार्डला अरबांचा अभिमान नव्हता. त्याला पुस्तक हवे होते. त्याने भाषा शिकली आणि पुस्तक घेऊन गेला. ज्याला वाचता येते त्याचाच वारसा, हा इतिहासाचा रोकडा न्याय आहे.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे ग्रंथ टिकले ते परक्यांनी टिकवले म्हणून. त्याबद्दल कृतज्ञता हवी. 'त्यांनी आमचे नेले' एवढेच म्हणत राहिलो, तर बगदादनेही ग्रीकांचे आणि भारताचे घेतले होते, हे आपण विसरतो. विद्या घेणाऱ्याने नाव राखले की देणे-घेणे फिटते.

मराठी मुलाला लॅटिन जड नाही

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी दोन शब्द. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला लॅटिनमध्ये पहिली अडचण येते ती विभक्तीची. तुम्हाला ती येणार नाही. कारण 'मुलगी, मुलीला, मुलीचे' हे तुम्ही रोज बोलता. लॅटिनमध्ये मुलगी म्हणजे 'पुएल्ला'. 'पुएल्ला आक्वाम पोर्तात' म्हणजे मुलगी पाणी नेते. शब्दांची जागा बदलून 'आक्वाम पुएल्ला पोर्तात' म्हटले तरी अर्थ तोच, कारण कर्म कोणते ते शेवटचा 'म' सांगतो. पण तो 'म' चुकीच्या शब्दाला लावलात आणि 'पुएल्लाम आक्वा पोर्तात' म्हणालात, तर पाणीच मुलीला वाहून नेईल! मकतबमध्ये अरबी शिकताना 'किताबु, किताबा, किताबी' हा फरक ज्यांनी ऐकला आहे, त्यांना तर हे ओळखीचेच वाटेल.

मराठीप्रमाणे लॅटिनमध्येही तीन लिंगे आहेत. क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो: 'पोर्तो' मी नेतो, 'पोर्तास' तू नेतोस, 'पोर्तात' तो किंवा ती नेते. शब्दसंग्रहात तर नातेवाईकच भेटतात. लॅटिन 'सेप्तेम', संस्कृत 'सप्त', फारसी 'हफ्त'. आपला 'हप्ता' त्यातूनच आला. 'देकेम', 'दश', 'दह'. लॅटिन 'नोमेन', मराठी 'नाम', फारसीही 'नाम'. 'मातेर', 'माता', 'मादर'. ज्या घरात मराठी आणि उर्दू दोन्ही बोलल्या जातात, त्या घरातल्या मुलाने लॅटिनचे पहिले पुस्तक उघडावे. अर्धी मंडळी ओळखीचीच निघतील.

पालकांसाठी काही व्यवहाराच्या सूचना. अभ्यासक्रम निवडताना चार गोष्टी पाहाव्यात: उच्चार ऐकायला मिळतो काय, रोज थोडा लेखी सराव आहे काय, चुका कोणी तपासून देतो काय आणि फी झेपणारी आहे काय. शिक्षक प्रत्यक्ष बोलतात असे वर्ग परदेशांच्या वेळेनुसार चालतात. लंडनला दुपारचे ४ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे ९.३० झालेले असतात. लहान मुलाला ती वेळ जाचक होते. अशा वेळी ध्वनिमुद्रित पाठ बरे. ड्युओलिंगोसारख्या मोबाईल-ॲपवर २०१९ पासून लॅटिनचा छोटा पाठ्यक्रम आहे. गोडी लागते की नाही एवढे पाहण्यास तो पुरेसा आहे. घरात फोन एकच असेल, तर रोज वीस मिनिटे ठरवून द्यावीत आणि उरलेले काम वहीत करून घ्यावे. पडदा बंद झाल्यावर वहीत जे उरते तीच विद्या. दोन-तीन मुलांनी मिळून शिकले, तर एल्फ्रिकच्या विद्यार्थ्यांसारखे एकमेकांशी संवाद करता येतात.

नोकरीच्या प्रश्नाचे उत्तर सरळ द्यायचे तर लॅटिनने उद्या नोकरी मिळत नाही. परंतु वैद्यक, कायदा, वनस्पतिशास्त्र या शाखांतील पारिभाषिक शब्दांचे ओझे तिने हलके होते. इंग्रजीतील हजारो शब्द उलगडतात. इतिहास आणि विज्ञानाच्या इतिहासात ज्याला मूळ कागद वाचून संशोधन करायचे आहे, त्याला तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. अरबी आणि लॅटिन या दोन्ही भाषा जाणणारे संशोधक थोडे आहेत. ज्या मुलाच्या कानावर अरबी लहानपणापासून आहे, त्याने त्यात लॅटिनची भर घातली, तर त्याच्यासाठी जागा रिकामी आहे.

अर्थात मराठी कच्ची ठेवून लॅटिन शिकू नये, उर्दू-अरबी सोडून तर नाहीच. सर्वच मुलांनी ती शिकावी, असाही आग्रह नाही. शंभरांत एकाला आवड निघेल. त्या एकाला 'याचा उपयोग काय' असे म्हणून गप्प बसवू नका, एवढीच विनंती. ती मुलगी असेल, तर 'तुला काय करायचे आहे' असे तर मुळीच म्हणू नका.

आपल्या संस्थेने शाळा काढल्या, वसतिगृहे चालवली, गरजूंना शिष्यवृत्त्या दिल्या. त्या सर्वांमागे मुलांच्या हाती पुस्तक जावे हाच हेतू होता. केंब्रिजच्या त्या हस्तलिखिताची पाने आठशे वर्षांपासून वाचकांची वाट पाहत आहेत. त्यावर वाकून, अल्‌-ख्वारिज्मी काय म्हणाला ते दुसऱ्या कोणाच्या भाषांतराविना वाचणारा विद्यार्थी आपल्या एखाद्या शाळेतून निघो. इन्शाअल्ला, तो निघेल. फक्त आज कोणीतरी त्याला 'पुएल्ला' म्हणजे काय ते विचारू द्यावे.